चहा स्वस्त झाला होता, मग बोस्टनवाल्यांनी तो पाण्यात का टाकला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एमपीएससीची तयारी करतोय. एका पुस्तकात लिहिलंय की इंग्रजांनी चहावर भरमसाट कर लावला म्हणून 1773 मध्ये बोस्टन टी पार्टी झाली. दुसरीकडे वाचलं की त्या वर्षीच्या कायद्यानं चहा उलट स्वस्त झाला. दोन्ही कसं खरं असेल? त्यांना कर नको होता की संसदेत खासदार हवे होते? आणि तो चहा भारतातून गेला होता का?"

मी मूळची मिरजेची. गेली 19 वर्षं बोस्टनच्या बाजूला एका शाळेत इतिहास शिकवते आणि दरवर्षी डिसेंबर आला की हाच प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतंच, त्यामुळे उत्तर देऊन देऊन थोडं घासून गुळगुळीत झालंय, तरी सांगते.

आधी सरळ उत्तर. तुम्ही दुसरीकडे वाचलेलं बरोबर आहे, चहा स्वस्तच होणार होता. ब्रिटिश संसदेच्या 1773 च्या टी अ‍ॅक्टनं (चहाच्या कायद्यानं) अमेरिकेतल्या वसाहतींत चहावर नवीन कर लावलाच नाही. जुना जो होता, दर रतली 3 पेन्स (रतल म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी), तो 1767 पासूनच चालू होता आणि तो तसाच ठेवला. बदललं काय, तर ईस्ट इंडिया कंपनीला आधी चहा लंडनच्या लिलावात विकावा लागायचा, मग तिथला होलसेलर, मग अमेरिकेतला व्यापारी, असं करत तो गिऱ्हाईकापर्यंत जायचा. आता कंपनीला थेट आपल्या एजंटकडे माल पाठवायची मुभा मिळाली आणि इंग्लंडमध्ये भरलेली ड्यूटीही परत मिळणार होती. मधले दलाल गेले, भाव उतरला.

आता खरी अडचण बघा. आपण "कर जास्त होता की कमी" असं विचारतो आणि तिथेच अडकतो, कारण या भांडणात रक्कम फार महत्त्वाची नव्हतीच. माझ्या मते विचारायचा प्रश्न हा आहे की त्या 3 पेन्सातून पगार कोणाचा होणार होता.

वर्गात मी वेगळं उदाहरण देते पण तुम्हाला सोसायटीचं देते. समजा तुमच्या सोसायटीचा वॉचमन आहे, त्याचा पगार कमिटी देते, म्हणून तो कमिटीचं ऐकतो, रात्री कोण आलं कोण गेलं ते सांगतो, जास्त मस्ती केली तर कमिटी म्हणते पुढच्या महिन्यापासून बघू. एक दिवस बिल्डर म्हणतो, आजपासून वॉचमनचा पगार मी देतो, तुम्हाला काही त्रास नाही, फक्त मेंटेनन्समध्ये महिना 10 रुपये माझ्या नावानं जमा करा, आणि हो, तुमचं पाणी मी स्वस्त करून देतो. निम्मे लोक म्हणतील अरे वा. पण कमिटीतला एखादा जुना खोडील माणूस लगेच उठून विचारेल की मग उद्या वॉचमन ऐकणार कोणाचं? बस, मॅसॅच्युसेट्सचं (बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिचं) भांडण हे होतं.

तिथला गव्हर्नर राजानं नेमलेला असायचा पण त्याचा पगार वसाहतीची असेंब्ली, म्हणजे लोकांनी निवडलेली सभा, मंजूर करायची. दरवर्षी. म्हणजे साहेब राजाचा आणि नाडी लोकांच्या हातात. 1767 मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडनं काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर ड्यूटी लावली तेव्हा कायद्यातच लिहिलं होतं की या पैशातून वसाहतींमधल्या न्यायाधीशांचे आणि सरकारी कारभाराचे खर्च भागवायचे. 1770 मध्ये बाकी सगळ्या ड्यूट्या काढल्या, चहावरची तेवढी ठेवली. आणि 1772 मध्ये जाहीर झालं की गव्हर्नर थॉमस हचिन्सनला 1,500 पौंड आणि वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनाही पगार आता राजाकडून, या कस्टम्सच्या पैशातून. बोस्टनच्या लोकांना एवढं सोपं गणित कळत होतं हो. तुम्ही चहा प्याल, त्याचे 3 पेन्स गव्हर्नरच्या खिशात, आणि गव्हर्नरला तुमच्या असेंब्लीची गरज उरणार नाही. नोव्हेंबर 1772 मध्ये तिथला पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्सनं बोस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती (बाकीच्या गावांना पत्रं लिहून एकत्र आणणारी) काढली ती या पगाराच्या बातमीवरून, चहाच्या भावावरून नव्हे. ही तारीख लक्षात ठेवा, टी अ‍ॅक्टच्या सहा महिने आधीची आहे.

मी हे काही ओढूनताणून सांगत नाही याचा एक पुरावा मला फार आवडतो. 1774 च्या सुरुवातीला असेंब्लीनं वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशांना विचारलं की राजाचा पगार घेणार का. चौघांनी नाही म्हटलं. मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर म्हणाला मी घेणार, तर त्याच्यावर थेट महाभियोग! चहा तोवर समुद्रात जाऊन दोन महिने झाले होते, भांडण मात्र पगारावरच चालू होतं.

थोडं मागे जाऊया, कारण "कर कमी केला तरी लोक भडकले" हे 1773 ला पहिल्यांदा झालं नाही. 1763 ला सात वर्षांचं युद्ध संपलं, फ्रेंच कॅनडातून गेले, आणि ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट होऊन 13 कोटी पौंडांच्या आसपास पोचलं. वर अमेरिकेत सैन्य ठेवायचं होतं. लंडनचं म्हणणं, तुमच्या रक्षणासाठी खर्च झाला, थोडा तुम्ही उचला. खरं सांगायचं तर हे म्हणणं अगदीच अन्यायाचं नव्हतं, इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. मग 1764 मध्ये शुगर अ‍ॅक्ट आला. त्यात मळीवरची ड्यूटी (मळीपासून इकडे रम बनायची, न्यू इंग्लंडचा मोठा धंदा) गॅलनला 6 पेन्सवरून 3 पेन्स केली. निम्मी! तरी बोंब झाली. कारण 6 पेन्सवाली कोणी भरतच नव्हतं, कस्टम्सवाल्याच्या हातावर थोडं टेकवलं की काम व्हायचं. 3 पेन्सवाली मात्र खरोखर वसूल करणार होते, त्यासाठी आरमार होतं, आणि पकडलं तर खटला अशा कोर्टात की जिथं ज्यूरी नाही. कागदावरचा कर आणि खिशातून जाणारा कर यातला फरक आपल्याकडच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

स्टॅम्प अ‍ॅक्टवर (1765) मी जास्त वेळ घालवत नाही, पुस्तकात असतोच. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, पत्त्यांचे जोड, सगळ्याला स्टॅम्प. दंगली झाल्या, हचिन्सनचं घर ऑगस्टमध्ये लोकांनी अक्षरशः भिंतींपर्यंत खरवडून काढलं, आणि मार्च 1766 मध्ये संसदेनं कायदा मागे घेतला. पण त्याच वेळी दुसरा कायदा केला की आम्हाला वसाहतींसाठी वाट्टेल त्या बाबतीत कायदे करायचा अधिकार आहे. म्हणजे पैसे सोडले, अधिकार नाही सोडला. 1770 मध्ये चहावरची ड्यूटी का ठेवली याचं उत्तर पण हेच. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला त्यातून फार पैसा मिळत नव्हता, निशाणी म्हणून ठेवली होती. 1773 मध्ये टी अ‍ॅक्टवर चर्चा चालू असताना डाउड्सवेल नावाच्या खासदारानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं की ही ड्यूटी काढली नाहीस तर ते चहा घेणार नाहीत. नॉर्थनं ऐकलं नाही. मला विचाराल तर एवढा स्वस्तात टळला असता असा घोटाळा इतिहासात कमी सापडतो.

आता तुमचा खासदारांचा प्रश्न, कारण "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" ही घोषणा वाचून सगळ्यांना वाटतं की त्यांना लंडनच्या संसदेत सीटा हव्या होत्या. नाही. ऑक्टोबर 1765 मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे लोक जमले, स्टॅम्प अ‍ॅक्ट काँग्रेस म्हणतात तिला, त्यांच्या ठरावात स्पष्ट आहे की आमचे प्रतिनिधी ब्रिटिश संसदेत नाहीत आणि आमची परिस्थिती बघता असू शकतही नाहीत. समुद्रापलीकडे, महिना दीड महिन्याचा प्रवास, आणि वीस-तीस खासदार मिळाले तरी साडेपाचशेच्या वर लोकांत त्यांचं कोण ऐकणार. सीटा मिळाल्या असत्या तर उलट कर लावायचा रस्ता मोकळा झाला असता, हे त्यांना कळत होतं. त्यांना म्हणायचं होतं की आमच्यावर कर आमची असेंब्लीच लावेल. लंडनचं उत्तर असं की अहो मँचेस्टरला तरी कुठे खासदार आहे, पण संसद सगळ्यांचाच विचार करते ना. यावर इकडचं उत्तर असं की मग मँचेस्टरलाही द्या की!

कंपनीची बाजू पण बघा, कारण इथे तुमचा सिलॅबस कामाला येईल. 1765 ला कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, भागधारकांना वाटलं सोन्याची खाण लागली, डिव्हिडंड वाढवला, सरकारनंही वर्षाला 4 लाख पौंड आपला हिस्सा लावून घेतला. मग 1769-70 चा बंगालचा दुष्काळ, लष्कराचा खर्च, 1772 मध्ये लंडनच्या बँकांचं संकट, आणि कंपनी डबघाईला. गोदामात 1 कोटी 70 लाख रतलांच्या आसपास चहा पडून. नॉर्थनं 1773 मध्ये दोन गोष्टी केल्या: कंपनीला 14 लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि बदल्यात तिला लगाम घातला, तो तुमचा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, ज्यातून वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला. आणि पडलेला चहा खपवायला टी अ‍ॅक्ट. दोघे सख्खे भाऊ आहेत, एकाच वर्षी, एकाच घरात जन्मलेले, पण आपण एक भारताच्या वहीत लिहितो आणि दुसरा जगाच्या वहीत. अमेरिकेतल्या लोकांना हा संबंध माहीत होता बरं का. 1773 च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात 'रस्टिकस' अशा टोपणनावानं एक पत्रक निघालं, ते जॉन डिकिन्सनचं मानतात, त्यात कंपनीनं आशियात काय केलंय, दुष्काळात किती माणसं मेली, ते सांगून म्हटलंय की आता यांची नजर आपल्यावर पडली आहे. त्यांना बंगालच्या शेतकऱ्याचा कळवळा किती होता ते सोडा, भीती दाखवायला उदाहरण तयार मिळालं होतं.

मग ती रात्र. इथे मुलांना मी एकच गोष्ट पाठ करायला लावते, 20 दिवस. डार्टमथ जहाज 28 नोव्हेंबर 1773 ला बोस्टनला लागलं. नियम असा की आल्यापासून 20 दिवसांत ड्यूटी भरली नाही तर कस्टम्स माल जप्त करणार, आणि जप्त चहा विकला गेला की ड्यूटी आपोआप वसूल. मुदत संपत होती 17 डिसेंबरला. दुसऱ्या गावांत काय झालं बघा: फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधून जहाजं चहासकट परत पाठवली, चार्ल्सटनमध्ये चहा उतरवून तळघरात कोंडला, त्या वेळी कोणी फेकला नाही. बोस्टनमध्ये परत पाठवणंच जमेना, कारण परवाना गव्हर्नरचा लागायचा आणि गव्हर्नर हचिन्सन हटून बसलेला. त्याचे दोन मुलगे चहाचे एजंट होते हेही आहेच. 16 तारखेला ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये पाच हजारांच्या आसपास माणूस जमला, जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉच याला शेवटचं विचारायला हचिन्सनच्या मिल्टनच्या घरी पिटाळलं, तो बिचारा थंडीत जाऊन संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत आला, म्हणाला नाही देत. आणि मग ग्रिफिन्स वॉर्फवर शंभर-दीडशे माणसं मोहॉकांसारखी (मोहॉक ही अमेरिकेतली मूळ रहिवाशांची जमात) तोंडं रंगवून जहाजांवर चढली. तीन जहाजं, डार्टमथ, एलिनर आणि बीव्हर, 342 पेट्या, सुमारे 42 टन चहा, किंमत 9,659 पौंड. तीनेक तास काम चाललं. ओहोटी होती म्हणून चहाचे ढीगच लागले, पोरांनी पाण्यात उतरून ते तुडवले. जहाजातली दुसरी कुठली वस्तू फोडली नाही, एक कुलूप मोडलं ते नंतर भरून दिलं म्हणतात. एकानं कोटाच्या अस्तरात चहा भरून घेतला तर त्याचा कोटच काढून घेतला. आणि 'टी पार्टी' हे नाव तेव्हाचं नाही, ते पन्नासेक वर्षांनी पडलं. तेव्हा सगळे 'चहाचा नाश' असंच म्हणायचे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण वर मी जे तत्त्वाचं सांगितलं ते प्रत्येकाच्या बाबतीत खरं धरू नका. तुम्ही कोणाबद्दल विचारताय त्यावर आहे. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याबद्दल विचाराल तर तिथे डच चहाचं स्मगलिंग इतकं चालायचं की कायदेशीर चहा नावालाच, आणि स्वस्त कंपनी चहा आला की त्यांचा धंदा बसणार होता. तिथे तत्त्व आणि खिसा एकाच खुंटीला टांगलेले. बोस्टनमध्ये मात्र ड्यूटी भरून चहा बऱ्यापैकी यायचा, त्यावरून बाकीची गावं टोमणे मारायची, आणि आमच्यात दम आहे हे दाखवायचं ओझं पण बोस्टनवर होतं असं मला वाटतं. शिवाय सगळेच खूश नव्हते. व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टनला चहा फेकणं पटलं नव्हतं, लंडनमध्ये बसलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचं म्हणणं कंपनीला भरपाई द्यावी. आणि गुलामांना विचाराल तर हे स्वातंत्र्याचं बोलणं करणाऱ्यांच्याच घरात ते राबत होते. 1775 च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर यानं जाहीर केलं की बंडखोर मालकांचे गुलाम आमच्या बाजूनं लढले तर मोकळे, तर शेकडो जण तिकडे पळाले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य लाल कोटाच्या, म्हणजे इंग्रज सैन्याच्या, बाजूला होतं.

पण मी शिकवताना एका गोष्टीवर अडून बसते. चहामुळे क्रांती झाली नाही, चहाच्या शिक्षेमुळे झाली. 1774 मध्ये संसदेनं बोस्टनचं बंदर 1 जूनपासून बंद केलं, ते सगळ्या पुस्तकांत असतं. त्याच्याहून जास्त झोंबला तो मॅसॅच्युसेट्स गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट: वरचं कौन्सिल आता निवडून नाही, राजा नेमणार, आणि गावसभा वर्षातून एकदाच, जास्त घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी. आतापर्यंत भांडण बंदरातल्या लोकांचं होतं, आता ते खेड्यातल्या शेतकऱ्याच्या दारात आलं, ज्याला चहाशी फार देणंघेणं नव्हतं. आपल्याकडे ग्रामसभा भरवायला कलेक्टरची चिठ्ठी लागेल असं सांगून बघा! 6 सप्टेंबर 1774 ला वूस्टर गावात साडेचार हजारांवर शेतकरी जमले, कोर्ट भरू दिलं नाही, आणि न्यायाधीश वगैरे मंडळींना टोप्या हातात घेऊन दोन रांगांमधून चालायला लावलं, चालताना आम्ही नवीन कायदा राबवणार नाही असा कागद वाचत, पुन्हा पुन्हा. एक गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनची, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाची पहिली, गोळी सुटायला अजून सात महिने होते, 19 एप्रिल 1775 (भारतात मुंबईकर इंग्रज तेव्हा रघुनाथरावाशी सुरतेचा तह करून पुण्याच्या भानगडीत पाय घालून बसले होते, एकाच वर्षी दोन टोकांना दोन दुखणी). माझ्या हिशोबानं मॅसॅच्युसेट्समधलं ब्रिटिश राज्य बोस्टनबाहेर 1774 च्या पावसाळ्यातच संपलं. इकडे तसा पावसाळा नसतो, पण मिरजेची सवय जात नाही.

परीक्षेसाठी विचाराल तर, वस्तुनिष्ठ प्रश्नात तारीख आणि कायद्याचं नाव आलं की झालं, डोकं लावू नका. लेखी उत्तरात मात्र "जास्त कर" हे शब्द काढूनच टाका आणि असं मांडा: 1767 ची ड्यूटी आणि तिच्यातून पगार, 1770 मध्ये निशाणी म्हणून ठेवलेला चहावरचा कर, 1773 मध्ये कंपनीला वाचवायला केलेला कायदा, 20 दिवसांची मुदत, मग 1774 चे दंडाचे कायदे आणि सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची पहिली काँग्रेस (जॉर्जिया आली नव्हती, इथे हमखास मार्क जातात, तेरा लिहू नका).

राहिला चहा कुठला होता हा प्रश्न. भारतातला नाही. सगळा चीनचा, कँटनहून लंडनला आणि लंडनहून इकडे, बहुतेक बोही नावाचा साधा काळा चहा, थोडा हिरवाही. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला 1839 मध्ये, म्हणजे बोस्टनच्या पाण्यात त्या पेट्या पडून 65 वर्षं झाल्यावर.